राष्ट्रीय बेसबॉल हॉल ऑफ फेम व संग्रहालय, कूपर्सटाउन

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या गावी असलेले बेसबॉलच्या इतिहासाचे संग्रहालय व या खेळातील थोरांचे सन्मानदालन. ऑट्सेगो सरोवराच्या काठी वसलेल्या, जेमतेम दोन हजार वस्तीच्या या गावात १२ जून १९३९ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

संग्रहालयासाठी हे आडबाजूचे गाव निवडले गेले ते एका आख्यायिकेमुळे. बेसबॉलचा उगम शोधण्यासाठी नेमलेल्या मिल्स समितीने १९०७च्या अखेरीस असा निर्वाळा दिला, की ॲब्नर डबलडे यांनी १८३९ साली कूपर्सटाउन येथे हा खेळ सुरू केला. समितीचा मुख्य आधार होता तो ॲब्नर ग्रेव्हज या वृद्ध खाण अभियंत्याने बालपणीच्या आठवणींवरून लिहिलेल्या पत्रांचा. प्रत्यक्षात त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. पुढे यादवी युद्धात सेनानी म्हणून नावाजलेल्या या गृहस्थांनी बेसबॉलच्या जनकत्वावर स्वतः कधीही हक्क सांगितला नाही. इंग्लंडमधून आलेल्या चेंडूफळीच्या जुन्या खेळांतून बेसबॉल हळूहळू घडत गेला, असे आता इतिहासकार मानतात.

तरीही आख्यायिकेने आपले काम केले. १९३४ साली जवळच्या फ्लाय क्रीक गावातील एका घराच्या माळ्यावर, ग्रेव्हज यांच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या ट्रंकेत एक जुना, घरगुती बनावटीचा चेंडू सापडला. त्याचे चामडे फाटून आत कोंबलेले कापड बाहेर दिसत होते. सिंगर शिलाई यंत्रांच्या व्यवसायातून श्रीमंत झालेल्या घराण्यातील स्टीफन क्लार्क यांनी तो पाच डॉलरना विकत घेतला आणि त्याच्याभोवती बेसबॉलच्या जुन्या वस्तूंचा संग्रह उभा केला. महामंदीच्या झळा सोसणाऱ्या गावात पर्यटक यावेत, हाही त्यामागचा हेतू होता. व्यावसायिक बेसबॉलच्या दोन मुख्य लीगांपैकी (संघांच्या स्पर्धामंडळांपैकी) नॅशनल लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी त्याला सन्मानदालनाची जोड सुचवली.

पहिली निवड १९३६ साली झाली. टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन व वॉल्टर जॉन्सन हे पहिले पाच मानकरी ठरले. कॉब यांना २२६ पैकी २२२ मते मिळाली. किमान दहा हंगाम खेळून निवृत्तीनंतर पाच वर्षे उलटलेल्या खेळाडूंसाठी बेसबॉल लेखक संघटनेचे ज्येष्ठ सदस्य मतदान करतात आणि निवडीला ७५ टक्के मते लागतात. सर्वच्या सर्व मते मिळवण्याचा मान २०१९मध्ये मारियानो रिव्हेरा यांना प्रथम लाभला. जुने खेळाडू, पंच, प्रशिक्षक व संघमालक यांची निवड स्वतंत्र समित्या करतात.

कृष्णवर्णीय खेळाडूंवरील अन्यायाची दखल मात्र येथे फार उशिरा घेतली गेली. १९४७पर्यंत मुख्य लीगची दारे त्यांना बंद होती, त्यामुळे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या ‘निग्रो लीग’मध्ये आयुष्य घालवलेल्या कित्येक असामान्य खेळाडूंचा निवडीसाठी विचारच होत नसे. १९६६ साली स्वतःच्या सन्मानसोहळ्यात टेड विल्यम्स यांनी सॅचेल पेज व जॉश गिब्सन यांची नावे घेऊन ही उणीव सर्वांसमोर मांडली. १९७१मध्ये पेज यांची निवड झाली, पण त्यांच्यासारख्यांचा सन्मान वेगळ्या विभागात करण्याचा घाट घातला गेला. लोकक्षोभामुळे तो बेत सोडावा लागला. निग्रो लीगमधील संघाच्या मालक एफा मॅनली यांची २००६ साली निवड झाली. सन्मानदालनातील त्या एकमेव स्त्री होत.

दालनात प्रत्येक मानकऱ्याचा ब्राँझचा फलक असून त्यावर उठावातील चेहरा व कारकिर्दीचा मोजक्या ओळींतला गोषवारा असतो. हे फलक बारकाईने वाचावेत असेच आहेत, कारण संस्थेची बदलती दृष्टी त्यांत उमटली आहे. १९४७ साली मुख्य लीगची दारे कृष्णवर्णीयांना खुली करणाऱ्या जॅकी रॉबिन्सन यांच्या १९६२च्या फलकावर त्यांनी मोडून काढलेल्या वर्णभेदाचा उल्लेखच नव्हता. तो २००८ साली नव्या फलकावर आला. प्वेर्तो रिकोच्या रोबेर्तो क्लेमेंटे यांच्या फलकावर आईकडील आडनाव चुकीच्या जागी कोरले गेले होते. स्पॅनिश रीतीनुसार ते शेवटी घेऊन हा फलकही २००० साली बदलण्यात आला.

सट्टेबाजीमुळे १९८९ साली आजन्म बंदी घातलेले नामवंत खेळाडू पीट रोझ यांच्या नावावरून दीर्घकाळ वाद झाला. बंदी असलेल्यांना निवडीस अपात्र ठरवणारा नियम संस्थेने १९९१मध्ये केला. रोझ यांच्या निधनानंतर २०२५ साली बेसबॉलच्या आयुक्तांनी दिवंगत व्यक्तींवरील बंदी उठवल्याने, त्यांचा आणि १९१९च्या सामनानिश्चिती प्रकरणात बंदी आलेल्या जो जॅक्सन यांचा विचार होण्यातील अडसर दूर झाला आहे.