ग्राफिक टी-शर्ट (मुंबईतील परिधान)

ग्राफिक टी-शर्ट : छातीवर, पाठीवर किंवा बाहीवर चित्र, अक्षरे अथवा दोन्ही छापलेला, होजिअरी कापडाचा, बहुधा बिनकॉलरचा टी-शर्ट. मुंबईच्या बाजारात त्याला ‘प्रिंटेड टी-शर्ट’ किंवा नुसते ‘प्रिंटवाला’ म्हणतात. गळ्यावरून ‘राउंड नेक’, मापावरून ‘ओव्हरसाइज’ असेही म्हटले जाते. प्रस्तुत नोंदीत मुंबई शहर व उपनगरांत हे वस्त्र रोजच्या पेहरावात कसे बसले याचा आणि त्यावरील देवनागरी छपाईचा विचार केला आहे.

नाव व व्युत्पत्ती : ‘टी’ हे रोमन अक्षर बाह्या पसरलेल्या कपड्याच्या आकारावरून आले, हे मत सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. सरावाच्या वेळी घालायचा शर्ट म्हणून ‘ट्रेनिंग’ शब्दाचे आद्याक्षर, असेही स्पष्टीकरण दिले जाते. पण आकाराचे स्पष्टीकरण अधिक साधे आणि पटणारे आहे. इंग्रजीत या शब्दाचा छापील आढळ १९२० पासूनचा सांगतात.

मराठीपुरता अधिक महत्त्वाचा शब्द ‘गंजीफ्रॉक’. टी-शर्ट येण्याच्या कितीतरी आधी मराठी घरांत अंगाला चिकटून बसणाऱ्या विणीच्या कपड्याला हेच नाव होते, आणि आजही जुन्या पिढीच्या तोंडी ते आहे. इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटावरील विणलेला खलाशी अंगरखा इंग्रजीत ‘गर्न्सी फ्रॉक’ म्हणून ओळखला जाई. त्याचे मराठी रूप गंजीफ्रॉक, ही व्युत्पत्ती ध्वनी व अर्थ या दोन्ही दृष्टींनी जुळते. बंगालीतील ‘गेंजी’ आणि हिंदीतील ‘गंजी’ हेही त्याच घराण्यातले मानले जातात. शेजारच्या जर्सी बेटाच्या नावावरून ‘जर्सी’ आली, ती आज खेळाडूंच्या अंगावर आहे आणि होजिअरी कापडाच्या ‘सिंगल जर्सी’ या विणीच्या नावातही आहे. ‘बनियन’चा प्रवास मात्र उलट दिशेचा. गुजराती ‘वाणियो’ या शब्दावरून पोर्तुगीज व इंग्रज लोक हिंदू व्यापाऱ्यांना ‘बनियन’ म्हणू लागले; त्यांच्या सैल अंगरख्याला तेच नाव पडले आणि पुढे ते आतल्या कपड्याला चिकटून परत आले. गंजीफ्रॉक आणि बनियन ही दोन्ही नावे ‘आत घालायच्या’ कपड्याची आहेत. बाहेर घालायच्या, चित्र मिरवणाऱ्या त्याच विणीच्या कपड्याला मराठीने नवे नाव घडवले नाही, इंग्रजी नावच घेतले. आतला कपडा बाहेर आला तेव्हा नावही बदलले, असे म्हणता येते.

छापील टी-शर्टचा उगम : अमेरिकी नौदलाने १९१३ च्या सुमारास टी-शर्ट गणवेशाखालचा कपडा म्हणून स्वीकारला. त्यावर छापण्याची सुरुवात कोणी केली याविषयी एकमत नाही. १९३० च्या दशकातील अमेरिकी विद्यापीठांचे खेळाचे कपडे, १९३९ मधील एका चित्रपटाच्या प्रचाराचे टी-शर्ट आणि १९४२ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आलेला हवाई दलाच्या तोफखाना प्रशिक्षण शाळेचा टी-शर्ट, असे तीन दावे पुढे केले जातात. ‘पहिला’ कोणता यापेक्षा ‘टिकलेला’ कोणता हे पाहणे अधिक सुरक्षित. त्या दृष्टीने १९४८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतील थॉमस ड्यूई यांच्या प्रचाराचा टी-शर्ट उल्लेखनीय आहे. तो स्मिथसोनियन संग्रहात आहे. कापडावर रबरासारखा थर धरणारी प्लास्टिसोल शाई १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली. अनेक रंग एकामागून एक छापणाऱ्या फिरत्या यंत्राचे एकस्व (पेटंट) मायकेल व्हॅसिलँटोन यांना १९६९ मध्ये मिळाले, आणि छपाई स्वस्त झाली.

मुंबईतील आगमन : गिरण्यांचे शहर म्हणून मुंबईला टी-शर्टचेही माहेर ठरवण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली आणि ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून मुंबईच्या गिरण्यांचा मुख्य माल सूत आणि मागावर विणलेले कापड हा होता. टी-शर्टचे कापड फासे घालून विणतात, ते होजिअरीचे काम. आणि त्याचे मोठे केंद्र तमिळनाडूतील तिरुपूर आहे. आज मुंबईत विकला जाणारा बराचसा कोरा टी-शर्ट तिथूनच येतो. मुंबईने दिली ती छपाई, बाजारपेठ आणि घालण्याची रीत. लग्नपत्रिका, बिल्ले आणि मंडळांचे कापडी फलक छापणारी स्क्रीन-छपाईची, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापण्याची, छोटी ठिकाणे शहरात आधीपासून होती. टी-शर्ट छापायला तेच टेबल आणि तीच स्क्विजी (शाई ओढायची रबरी पट्टी) पुरली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव मोडले. पुढे जिथे फिनिक्स मिलचे आवार होते, तिथल्या मॉलमध्ये तयार कपड्यांची दुकाने आली.

विक्रीच्या जागांपैकी महात्मा गांधी मार्गावरील फॅशन स्ट्रीट, कुलाबा कॉजवे आणि वांद्र्याचा लिंकिंग रोड या रस्त्यांची नावे आधी घ्यावी लागतात. निर्यातीतून उरलेला ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ माल इथे येई, आणि त्यासोबत परदेशी विद्यापीठांची व बँडची नावे इथल्या मुलांच्या छातीवर आली. मुंबईचीच भाषा आणि विनोद छापण्याचा प्रयत्न १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘तंत्रा’ या टी-शर्ट कंपनीने केला. ‘बेवकूफ’ (२०१२) आणि ‘द सोल्ड स्टोअर’ (२०१३) या मुंबईतील कंपन्यांनी ऑनलाइन विक्रीतून तो सर्वदूर नेला. काळी-पिवळी टॅक्सी, लोकलचा डबा, कटिंग चहा, वडापाव आणि डबल डेकर ही चित्रे तेव्हापासून रुळली. बेस्टची जुनी बिनवातानुकूलित डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये आणि प्रीमियर पद्मिनी टॅक्सी त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. टी-शर्टवर दोन्ही अजून आहेत.

छपाईचे प्रकार : घालणाऱ्याला छपाईची जात कळणे आवश्यक आहे, कारण कपडा अंगावर कसा बसेल आणि किती टिकेल हे तीच ठरवते. प्लास्टिसोल शाईत पीव्हीसीचे कण द्रवात मिसळलेले असतात. ती हवेत वाळत नाही. सुमारे १६० अंश सेल्सियसला तापवावी लागते, आणि मग कापडावर रबरासारखा थर धरते. पाणी-आधारित शाई धाग्यात मुरते, हाताला जाणवत नाही. डिस्चार्ज छपाईत कापडाचा मूळ रंगच काढून त्या जागी दुसरा भरतात. गडद सुती टी-शर्टवर ती फार सुंदर दिसते. डीटीएफमध्ये (डायरेक्ट टू फिल्म) चित्र फिल्मवर छापून, त्यावर गोंदाची भुकटी चढवून उष्णतेने दाबतात. म्हणून एक नगही छापून मिळतो. सबलीमेशन, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून ती धाग्यात उतरवणे, फक्त पॉलिएस्टरवर, तेही फिकट रंगावर चालते; शर्यतींचे आणि मंडळांचे ‘डॉट निट’ (बारीक छिद्रांच्या विणीचे पॉलिएस्टर) टी-शर्ट त्याच पद्धतीचे.

मुंबईच्या दमट हवेत हा फरक पहिल्याच तासात कळतो. प्लास्टिसोलचा मोठा चौकोन हवा जाऊ देत नाही. चित्राच्या मागे घाम साचतो आणि बाजूचे कापड ओले होऊन चौकटीसारखे उठून दिसते. म्हणून एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये छातीभर प्लास्टिसोल घेण्यापेक्षा पाणी-आधारित किंवा डिस्चार्ज छपाई, अथवा खिशाच्या उंचीवरचे छोटे चित्र बरे. कापडाचे वजन जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम असे, सांगतात. १६० ते १८० चा टी-शर्ट इथे बारमाही चालतो. ओव्हरसाइजसाठी वापरले जाणारे २४० चे कापड छान पडते, पण जुलैत खिडकीच्या दांडीवर रात्रभरात वाळत नाही.

देवनागरी अक्षरांचा प्रश्न : रोमन अक्षरांसाठी बसवलेले छपाईचे गणित देवनागरीला जसेच्या तसे लागू पडत नाही. स्क्रीनची जाळी एका सेंटिमीटरला ४३ धाग्यांची असेल तर ठळक रोमन अक्षरे स्वच्छ उमटतात; पण त्याच जाळीतून लहान आकारात ‘महाराष्ट्र’ छापून पाहावे. ‘ष्ट्र’मधील पोकळ्या शाईने भरतात आणि शेवटचे जोडाक्षर काळा ठिपका होऊन बसते. त्यासाठी ७७ किंवा त्याहून बारीक जाळी, नाहीतर मोठे अक्षर हवे. अनुस्वार आणि रफार हे दोन-चार धुण्यांत सर्वांत आधी झडतात, कारण त्यांना धरून ठेवायला शाईचा विस्तार कमी असतो.

दुसरा दोष संगणकावर होतो. चित्रांकनाच्या आज्ञावलीत भारतीय लिपींची जुळणी चालू केलेली नसेल तर ऱ्हस्व इकार आपल्या जागेवरून सरकतो, ‘शिवाजी’मधील वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. डोंगरभटक्यांच्या टी-शर्टवर ‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द रफार घालून ‘दर्याखोर्या’ असा छापलेला प्रस्तुत लेखकाने दादरच्या एका दुकानात पाहिला आहे. दरीचा समुद्र झाला होता. शेकडो नग छापले जाण्याआधी मराठी वाचणाऱ्या एका माणसाने स्क्रीन बनवण्याची फिल्म डोळ्यांखालून घातली तर हे टळते, आणि ते टाळलेच पाहिजे. ज्या शहरात अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतून अक्षर कसे बोलते हे वाचकांना रोज दाखवले, तिथे मोडके अक्षर छातीवर वागवणे शोभत नाही. आता साधनांची अडचणही उरलेली नाही. मुंबईतील ‘एक टाइप’ गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे टंक (फाँट) खुल्या परवान्याने मिळतात. ‘बालू’ची जाड, गोलसर अक्षरे कापडावर विशेष चांगली उतरतात.

तिसरी गोष्ट शिरोरेषेची. रोमन शब्दाची अक्षरे सुटी असल्याने कापड थोडे ताणले तरी डोळ्याला खटकत नाही. देवनागरी शब्दावर मात्र एक सलग आडवी रेघ असते. टी-शर्ट घट्ट असेल तर ती छातीवर वर उचलली जाते, पोटाशी असेल तर खाली वाकते. म्हणून मराठी मजकुराचा टी-शर्ट नेहमीपेक्षा एक माप सैल घ्यावा आणि शब्द गळ्याखाली सुमारे ३ इंचांवर, जिथे छाती सपाट असते तिथे असावा.

परिधानाच्या रीती : जीन्स किंवा कार्गो आणि वर ग्राफिक टी-शर्ट ही जोडी सर्वपरिचित आहे. ‘चित्र एकच, बाकी सगळे साधे’ हा मुंबईतील कॉलेजवयीन मुलामुलींचा सामान्य दंडक दिसतो. चेक्सची पँट आणि भरगच्च प्रिंट एकत्र क्वचितच आढळते. वर उघडा शर्ट घातल्यास चित्राच्या दोन्ही कडा झाकल्या जातात आणि आडव्या शब्दाची मधलीच अक्षरे उरतात. त्या पेहरावाला उभी रचना किंवा छोटे चित्र जमते. साडीवर ब्लाउजऐवजी टी-शर्ट घालण्याची पद्धत तरुणींमध्ये आहे. पदर डाव्या खांद्यावरून जात असल्याने छातीवरचे चित्र निम्मे झाकते. तिथे बाहीवरची किंवा पाठीवरची छपाई अधिक उपयोगी. कोल्हापुरी चप्पल आणि झुमके यांच्याशी देवनागरी अक्षरांचा टी-शर्ट फार नेटका जुळतो.

लोकल गाडीने एक वेगळीच रीत घालून दिली आहे. गर्दीच्या वेळी सॅक पुढे, छातीवर अडकवतात. त्यामुळे विरार ते चर्चगेट छातीवरचे चित्र दिसतच नाही, उलट सॅकच्या घर्षणाने तेच लवकर झिजते. सोबतच्या प्रवाशांना दिसते ती पाठ. पाठीवर मोठे आणि छातीवर छोटे चित्र असलेला टी-शर्ट या शहराला म्हणूनच सोयीचा आहे.

गोविंदा पथकांनी पाठ आधीच ओळखली होती. थर लावताना गोविंदा एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून आत तोंड करून गोल उभे राहतात. बघणाऱ्यांकडे पाठी येतात. पथकाचे नाव पाठीवर छापण्याचे हे कारण. गणेश मंडळांचे कार्यकर्ते, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे अनुयायी, गड चढणारे गट या सर्वांच्या अंगावर टी-शर्ट ओळखपत्रासारखा असतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांच्या अंगावरही शर्यतींचे आणि शिबिरांचे टी-शर्ट दिसतात.

मर्यादा : महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांच्या पेहरावाविषयी काढलेल्या परिपत्रकात कार्यालयात टी-शर्ट घालण्यास मनाई केली, आणि चित्रविचित्र नक्षीकाम वा चित्रे असलेले कपडेही वर्ज्य ठरवले. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रध्वज कमरेखालच्या कपड्यावर वापरता येत नाही आणि पेहरावाच्या कापडावर छापताही येत नाही. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यातील कलम १५ हेही छपाई करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे : नोंदणीयोग्य पण नोंदणी न केलेल्या रचनेच्या औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक प्रती झाल्या की त्या रचनेवरील स्वामित्वहक्क संपतो.

निगा : टी-शर्ट उलटा करून थंड पाण्यात धुवावा, उलटाच वाळत घालावा. इस्त्रीवाल्याकडे देतानाही उलटा करून द्यावा; तापलेल्या इस्त्रीखाली प्लास्टिसोल मऊ होऊन चिकटते. चित्र भेगाळले की टी-शर्ट घरात, मग रात्री झोपताना घालायला जातो, आणि शेवटी पुसायचे फडके होतो. तेव्हा पाठ आणि छाती वेगळी फाडतात, कारण छापलेली बाजू पाणी टिपत नाही.