लुई आर्मस्ट्राँग: आधी ट्रम्पेट, मग तो घोगरा आवाज

आपल्यातल्या बहुतेकांना लुई आर्मस्ट्राँग माहीत असतो तो म्हातारपणीचा. घोगरा आवाज, हातात पांढरा रुमाल, तोंडभर हसू आणि 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड'. गाणं सुंदरच आहे, पण ते १९६७ चं, म्हणजे तो जायच्या चार वर्षं आधीचं, आणि तेवढ्यावरच थांबलं तर या माणसाने जॅझला काय दिलं ते राहूनच जातं.

जन्म न्यू ऑर्लिन्सचा, ४ ऑगस्ट १९०१. तो स्वतः जन्मभर ४ जुलै १९०० सांगायचा, खरी तारीख तो गेल्यावर चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडली. वस्ती इतकी मारामाऱ्यांची की लोक तिला बॅटलफील्डच म्हणायचे. बाप सोडून गेलेला, आई मिळेल ते काम करायची. कार्नॉफ्स्की नावाच्या एका ज्यू कुटुंबाच्या भंगार-कोळशाच्या गाडीवर हा पोरगा कामाला होता, गिऱ्हाइकांना कळावं म्हणून पत्र्याची पिपाणी वाजवायचा, आणि पहिला कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचाच आखूड भाऊ, घ्यायला उचलही त्याच घराने दिली, हे त्याने पुढे फार मायेने लिहून ठेवलंय. ३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री नवीन वर्षाच्या जल्लोषात हवेत पिस्तूल झाडलं म्हणून पोलिसांनी पकडला आणि काळ्या मुलांच्या सुधारगृहात टाकला. तिथे बँड होता, पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक होते, त्यांनी त्याला नीट शिकवलं.

नंतरचा गुरू कॉर्नेटवादक जो ऑलिव्हर, ज्याला सगळे 'किंग' म्हणायचे. १९२२ मध्ये त्याने लुईला शिकागोला बोलावून घेतलं आणि तिथे बँडमध्ये पियानोवर होती लिल हार्डिन. दोघांचं लग्न झालं १९२४ मध्ये, आणि दुसऱ्याच्या मागे वाजवत बसू नकोस, स्वतः पुढे हो, हा धोशा तिनेच लावला. तिचं नाव या कहाणीत फार कमी घेतलं जातं, मला ते नेहमी खटकतं.

आता मुख्य गोष्ट. तोपर्यंत न्यू ऑर्लिन्सचा जॅझ म्हणजे सगळ्यांनी मिळून एकदम वाजवायचं, कॉर्नेट चाल धरणार, क्लॅरिनेट वरून वेलबुट्टी काढणार, ट्रॉम्बोन खालून भर घालणार. लुईने १९२५ ते १९२८ मध्ये 'हॉट फाइव्ह' आणि 'हॉट सेव्हन' या नावांनी ओकेह कंपनीसाठी जी रेकॉर्डिंग्ज केली त्यात हा तोल हळूहळू बदलत गेला आणि एकटा वादक पुढे येऊन स्वतःची उपज मांडतोय, बाकीचे त्याला साथ करतायत, असं चित्र तयार झालं. जून १९२८ चं 'वेस्ट एंड ब्लूज' ऐकाच, सुरुवातीचे दहा-बारा सेकंद साथ नाही, काही नाही, नुसता ट्रम्पेट, आणि तेवढ्यात सगळं बोलून होतं.

आणि गाणं? १९२६ च्या 'हीबी जीबीज' मध्ये तो मधेच शब्द सोडून निरर्थक बोलांवर गायला लागतो. गाण्याचा कागद हातातून पडला म्हणून असं झालं, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, खरी असो नसो. या प्रकाराला स्कॅट म्हणतात, तो त्याच्या आधीही होता, पण लोकांच्या तोंडी बसला तो या रेकॉर्डमुळे. आपल्याकडे सतार-सरोदवाले अभिमानाने सांगतात ना की आम्ही गायकी अंगाने वाजवतो, लुईचं बरोबर उलटं, तो वाजवायच्या अंगाने गातो. ओळ मागे खेचणं, एखादा शब्द गिळून टाकणं, शेवटचा सूर हलवत ठेवणं, हे सगळं ट्रम्पेटमधून गळ्यात आलेलं. जॅझ गायिका बिली हॉलिडेने आपल्या गाण्यावरचं त्याचं ऋण उघड मान्य केलंय.

हे वारं मुंबईलाही पोचलं. गोव्यातल्या हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ताजमध्ये बँड चालवायचा, त्याचा ट्रम्पेट आणि गाणं दोन्ही लुईच्या वळणाचं, लोक त्याला इथला आर्मस्ट्राँगच म्हणायचे. सी. रामचंद्रांबरोबर त्याने भरपूर काम केलं, १९५१ च्या 'अलबेला' मधला तो ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा रंग आठवा.

पन्नाशीच्या दशकात मात्र तरुण काळे वादक लुईवर टीका करायला लागले, गोऱ्यांपुढे हसत राहतो म्हणून. मग सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सामधल्या लिटल रॉकला नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत शिरू दिलं नाही तेव्हा हाच माणूस एका वार्ताहरासमोर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरवर इतका कडक बोलला की देशभर हेडलाइन झाली, आणि सरकारतर्फे होणारा रशियाचा दौरा त्याने नाकारला. त्याच्या गावचंही तेच, लुइझियाना राज्याने १९५६ मध्ये काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजवायला बंदी घातली, याच्या बँडमध्ये दोन्ही होते, म्हणून १९६५ पर्यंत तो न्यू ऑर्लिन्समध्ये वाजवायला गेलाच नाही.

मे १९६४ मध्ये 'हेलो, डॉली!' ने बीटल्सना अमेरिकेत एक नंबरवरून खाली ओढलं, तेव्हा हा बासष्ट वर्षांचा.

६ जुलै १९७१ ला न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या घरी तो झोपेतच गेला. साधंसं घर, १९४३ पासूनचं, आता तिथे म्युझियम आहे. मागे टेपची शेकडो रिळं राहिली, घरातल्या गप्पा, विनोद, आवडीच्या रेकॉर्ड्स, ट्रम्पेट, सगळं त्याने स्वतः रेकॉर्ड केलेलं, आणि त्यांच्या खोक्यांवर कात्रणं आणि फोटो चिकटवून सजवलेलं.