चौसष्ट घरांची वस्ती

स्थलांतरितांच्या शहरांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘लोकांना शेवटी आपल्याच माणसांत राहायचं असतं, म्हणून तर वेगळ्या वस्त्या होतात.’ मला हे पटत नाही. वस्ती पाहून मनातलं ओळखता येत नाही, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ साली साध्या पटावर दाखवून दिलं.

घरी करून बघा. बुद्धिबळाच्या पटावर एक रुपयाची २२ आणि दोन रुपयांची २२ नाणी कशीही पसरा. २० घरं रिकामी राहतील. मधल्या घराला आठ शेजारघरं, कोपऱ्याला तीन. नियम एकच: शेजारच्या नाण्यांत किमान एक तृतीयांश आपल्यासारखी असली की नाणं समाधानी. नसतील, तर ते सोयीच्या रिकाम्या घरात जाईल. म्हणजे दोन तृतीयांश शेजारी परके असले तरी नाण्याला चालतं. हा काही कट्टरपणा नव्हे.

आता एक नाणं नीट पाहा. त्याचे सहा शेजारी, त्यातले दोन त्याच्यासारखे: बरोबर एक तृतीयांश. त्या दोघांतला एक उठून गेला. उरले पाचात एक, म्हणजे २० टक्के. आता यालाही उठावं लागतं. उठलेलं नाणं जिथे जाऊन बसतं, तिथे दुसऱ्या प्रकारचं एखादं नाणं असंच सहात दोनवर टेकलेलं असतं. त्याचं गणित सातात दोन होतं, साधारण २८.६ टक्के. तेही उठतं. एका हालचालीने दोन्ही टोकांना धक्का बसतो. शिवाय हा रस्ता एकेरी आहे: एकटं पडलेलं नाणं निघून जातं, पण सगळे आपलेच झाले म्हणून कुणी उठत नाही. सगळं थांबतं तेव्हा बहुतेक वेळा पटावर वेगळे पुंजके दिसतात, आणि ते एकाही नाण्याने मागितलेले नसतात.

‘रक्त रक्ताला ओढतं’ म्हणणाऱ्यांनी हा पट मांडून पाहावा. मात्र घर नाकारणाऱ्या मालकांना यातून माफी मिळत नाही. खऱ्या शहरांत भेदभावही असतो, आणि तो ही घसरण आणखी वेगवान करतो.

सिंगापूरमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलं. १८२२च्या इंग्रजी आराखड्यात चिनी, मलय, भारतीय यांचे भाग मुद्दाम वेगळे आखले होते. १९६० नंतर सरकारी गृहनिर्माण मंडळाने लोकांना उंच इमारतींत मिसळून वसवलं. पण घरांची फेरविक्री सुरू झाल्यावर काही भागांत पुन्हा पुंजके दिसू लागले. म्हणून १९८९ साली प्रत्येक इमारतीला मर्यादा ठरली: चिनी ८७ टक्के, मलय २५, भारतीय व इतर १३ (२०१० पासून १५). मंडळाचा फ्लॅट घेणारं तिथलं मराठी कुटुंबही याच शेवटच्या खात्यात मोजलं जातं.

आवडनिवड तीच राहिली, फक्त घसरण अडली. त्याची किंमत मात्र अल्पसंख्याक मोजतात. चिनी मर्यादा भरलेल्या इमारतीत भारतीय किंवा मलय मालकाला चिनी गिऱ्हाइकाला घर विकता येत नाही, आणि सर्वांत जास्त गिऱ्हाइकं चिनीच असतात. मग भाव उतरतो, घर पडून राहतं. अशा खरोखर अडकलेल्या मालकांचं घर मंडळानेच विकत घ्यावं, ही सोय २०२२ साली आली, नियमानंतर तेहतीस वर्षांनी.