जळगाव–मुंबई अंतर आणि विमानाचा वेळ

जळगाव ते मुंबई हे अंतर रेल्वेने ४२० किमी, धुळे–नाशिकमार्गे रस्त्याने साधारण ४१० किमी आणि दोन्ही विमानतळांमधल्या सरळ रेषेत सुमारे ३५५ किमी भरते. खानदेशात मात्र ते किलोमीटरमध्ये फारसे कोणी सांगत नाही. ‘एका रात्रीचा प्रवास’ हेच इथले माप: घरी जेवून गाडीत बसायचे आणि पहाटे दादरला उतरायचे.

रेल्वेमार्ग चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड करत नैर्ऋत्येला उतरतो आणि इगतपुरी–कसारा दरम्यान थळ घाटातून सह्याद्री ओलांडतो. हा घाटमार्ग १८६५ साली सुरू झाला. इथला चढ ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे रेल्वेच्या हिशेबाने फारच उभा. मुंबईला जाताना तो उतार असतो. परतीच्या गाडीला मात्र कसाऱ्याला मागून जादा इंजिने, म्हणजे ‘बँकर’, जोडतात आणि इगतपुरीला सोडवतात. मागून तो धक्का बसला की वरच्या बर्थवर झोपलेल्यालाही कसारा आल्याचे कळते. वेगवान गाड्यांना हा सगळा प्रवास सहा-सात तासांचा.

विमानाला घाट आडवा येत नाही. या मार्गावर वापरले गेलेले एटीआर-७२ हे पंख्याचे विमान ताशी ५०० किमीच्या आसपास उडते. त्या वेगाने ३५५ किमीला पाऊण तासही लागू नये. वेळापत्रकात मात्र तासाहून अधिक वेळ धरतात, कारण त्यात धावपट्टीपर्यंत सरकणे, उंची गाठणे आणि मुंबईवर आपली पाळी येईपर्यंत घिरट्या घालणे हेही आले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते.

जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले; त्या मूळच्या याच जिल्ह्यातल्या. नियमित विमान यायला मात्र लहान शहरांना विमानाने जोडणारी केंद्र सरकारची ‘उडान’ योजना यावी लागली. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनची जेमतेम १८-१९ आसनांची विमाने, २०१९ मध्ये ट्रूजेट, २०२४ मध्ये अलायन्स एअर असा हा मार्ग तुटत-जुळत चालत आला आहे. त्यामुळे ‘विमान सुरू आहे का?’ हा प्रश्न ‘किती वेळ लागतो?’च्या आधी विचारलेला बरा. धावपट्टी तोकडी, त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि अशा वेळी विमानावरचा भार आखडता घ्यावा लागतो.

खरा हिशेब घर ते घर करायचा. विमानतळावर आधी पोहोचणे, बॅगेची वाट पाहणे, मग टॅक्सीने शहर गाठणे हे धरले की सव्वा तासाचे सहज चार तास होतात. तरी गाडीपेक्षा दोन-तीन तास वाचतात, पण ते दिवसाचे. रात्रीच्या गाडीत ते झोपेत जातात. परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्याला तर दादर स्टेशनच सोयीचे. शिवाय विमानात सामान साधारण १५ किलो. भरिताची वांगी, बिबडे, उडदाचे पापड आणि कळण्याच्या पिठाची पिशवी घेऊन लेकीकडे निघालेल्या आईला ते कसे पुरायचे?