रिड्यूसर की रबर अडॅप्टर? बेसिनखालचा जोड गळू नये म्हणून

बेसिनखालची नळी बारीक आणि भिंतीतला पाइप जाड, हे बहुतेक घरांत असतंच. ते जोडायला दुकानात गेलं की काउंटरवर दोन वस्तू येतात: कडक पीव्हीसीचा रिड्यूसर आणि काळ्या रबराचा अडॅप्टर. दोन्हींवर माप एकच, ५० × ३२. त्यामुळे कोणतीही घेतली तरी चालेल असं वाटतं, आणि बरेचसे जोड इथेच फसतात. रिड्यूसर सोल्युशनने, म्हणजे पीव्हीसी चिकटवायच्या द्रवाने, चिकटतो, रबर दाबाने पाणी अडवतं. एकाची जागा दुसऱ्याला देता येत नाही.

आधी मापाचा घोळ सोडवू, कारण नाशिकमध्ये तो जरा जास्तच आहे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमुळे इथे शेतीचा पीव्हीसी पाइप सहज मिळतो, आणि उरलेला तुकडा बाथरूमलाही वापरला जातो. शेतीच्या पाइपाचं माप बाहेरच्या व्यासाचं असतं. ज्याला दुकानदार ‘दीड इंची’ म्हणतो तो बाहेरून ५० मिमी भरतो. इमारतीच्या नळकामाचा शेड्यूल पाइपही ‘दीड इंची’च, पण तो बाहेरून ४८.३ मिमी. फरक पावणेदोन मिलिमीटरचा. ४८.३ चा पाइप ५० च्या सॉकेटमध्ये (पाइप ज्यात शिरतो त्या तोंडात) खुळखुळतो, आणि सोल्युशन म्हणजे फट भरायची पुटी नव्हे. उलट बाजूने ५० चा पाइप ४८.३ च्या सॉकेटमध्ये जातच नाही. मग सॉकेट आगीवर धरून फुलवलं जातं. शेतावर उघड्या पाइपलाइनला ते खपून जातं. बेसिनखाली नको. फुलवलेली भिंत पातळ होते, तोंड लंबगोल होतं आणि जोड एका बाजूने पाझरत राहतो.

‘३२’चंही तसंच. ३२ मिमीच्या वेस्ट कपलिंगचे (बेसिनच्या भोकात बसणाऱ्या जाळीच्या तुकड्याचे) आटे बाहेरून सुमारे ४२ मिमी भरतात, कारण ते सव्वा इंची आट्यांचं माप आहे. बॉटल ट्रॅपमधून (बेसिनखालच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या बाटलीसारख्या भागातून) भिंतीत जाणारी नळी मात्र बाहेरून खरोखर ३२ मिमी असते. दुकानात नुसतं ‘३२ चं द्या’ म्हणू नका. नळीसाठी की आट्यांसाठी, ते सांगा.

व्हर्नियर (व्यास मोजायची पट्टी) नसेल तर कागदाची पट्टी पाइपाभोवती घट्ट गुंडाळा, जिथे टोक येईल तिथे पेनाने खूण करा आणि उलगडून मोजा. १० सेंमी भरली तर पाइप ३२ चा, साडेबारा भरली तर ४० चा. १५.२ म्हणजे ४८.३ चा आणि १५.७ म्हणजे ५० चा. डोळ्यांना न दिसणारा फरक पट्टीवर अर्धा सेंटिमीटर दिसतो.

आता रिड्यूसर. सोल्युशन पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवतं आणि दोन तुकडे एकजीव होतात. म्हणून तो जोड फक्त पीव्हीसी ते पीव्हीसी. क्रोमच्या पितळी नळीला सोल्युशन धरत नाही. पांढरा प्लास्टिकचा ट्रॅप बहुधा पॉलीप्रॉपिलीनचा असतो, त्यालाही नाही. दिसायला तो पीव्हीसीसारखाच, त्यामुळे फसगत होते: जोड पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि ट्रॅपला धक्का लागला की सुटतो.

चिकटवताना पाइप काटकोनात कापा आणि कडेचे कुसळ कानशीने किंवा ब्लेडने काढा. आतलं कुसळ राहिलं तर त्याच जागी केस अडकतात. सोल्युशन लावण्याआधी कोरडा पाइप घालून बघा. सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत तो सहज जावा आणि मग आवळला जावा. सहज तळाला टेकला तर माप चुकलंय. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावा, पाव वळसा देत पाइप आत दाबा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवा. सॉकेट आत निमुळतं असल्यामुळे हात लगेच सोडला की पाइप मागे सरकतो. मग रात्रभर पाणी सोडू नका. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा सोल्युशन आणखी हळू सुकतं.

रबराला यातलं काही लागत नाही, पण माप उलट्या बाजूने लागतं. रिड्यूसर घेताना पाइप बाहेरून मोजायचा, रबर पाइपाच्या आत बसवायचं असेल तर आतून. ५० च्या पाइपाची भिंत २ मिमी असेल तर आतला व्यास ४६ उरतो. चार किलोचा पाइप आणि सहा किलोचा पाइप (हे किलो वजनाचे नव्हेत, पाइप सोसतो त्या दाबाचे) बाहेरून सारखेच, आतून वेगळे. म्हणून ‘५०’ लिहिलेलं रबर पाइपात जात नाही असं अनेकदा होतं, कारण ते सॉकेटच्या तोंडासाठी बनवलेलं असतं. रबर तासू नका. भिंतीतल्या पाइपाच्या तोंडाला ५० चं कपलर (दोन्ही टोकांना सॉकेट असलेला जोडतुकडा) चिकटवा, ते सुकू द्या आणि रबर त्यात बसवा.

बसवताना आधी क्रोमचा वॉल फ्लँज (भिंतीतलं भोक झाकणारी चकती) नळीवर चढवा. तो विसरला तर सगळं परत काढावं लागतं. रबराच्या ओठांना साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगून सैल होऊ शकतं. नळी रबराच्या पलीकडे निदान चार-पाच सेंमी आत जाऊ द्या. ट्रॅपच्या बाजूला निमुळता वॉशर असेल तर त्याचं निमुळतं तोंड ट्रॅपकडे आणि सपाट बाजू नटाकडे. वॉशर उलटा बसला तर नट कितीही आवळा, थेंब येतोच. प्लास्टिकचा नट हाताने घट्ट करून वर पाव वळसा, बस. पान्याने पिळला तर तडकतो. या आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळणं फुकट आहे. इथे पाणी वॉशर अडवतो, आटे नाहीत.

ट्रॅपमध्ये केस आणि साबणाचा गाळ साचतो, तो उघडावाच लागतो. त्यामुळे ट्रॅपला लागून रबरच हवं. तिथे कायमचा जोड केला तर पहिल्याच सफाईला करवत लागेल. भिंतीच्या आत, टाइलमागे मात्र सोल्युशनचाच जोड. जिथे हात पोचणार नाही तिथे सैल होऊ शकणारी वस्तू ठेवू नये.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही टाळणं. ३२ ची नळी ५० च्या पाइपात नुसती खुपसायची, भोवती पांढरं सिमेंट किंवा एम-सीलसारखी पुटी थापायची आणि वर फ्लँज दाबून बसवायचा. बाहेरून छान दिसतं. नळी थोडी हलली की सिमेंटला केसासारखी चीर जाते. तिथून वास आणि झुरळं येतात, आणि पुढे पाइप तुंबला की पाणी भिंतीत मुरतं. खालच्या मजल्यावर ओल दिसेपर्यंत पत्ता लागत नाही.

पाणी नेहमी बारीक पाइपातून जाड पाइपाकडे जावं. पुढचा पाइप ट्रॅपपेक्षा बारीक असेल तर कोणताही अडॅप्टर शोधू नका, पुढचा पाइपच बदला. आडव्या पाइपाला मीटरमागे साधारण दोन सेंमी उतार द्या.

शेवटी बेसिन काठोकाठ भरून बूच एकदम काढा. नुसता नळ सोडून केलेली तपासणी पुरत नाही, जोडावर खरा भार भरलेलं बेसिन रिकामं होतानाच येतो. पाणी उतरत असताना प्रत्येक जोडाभोवती टिशू पेपर फिरवा. हाताला न कळणारी ओल टिशूवर ठिपका बनून दिसते. ठिपका आला तर नट आणखी पिळू नका. तो खोला आणि वॉशर तिरका बसलाय का ते आधी बघा.