‘जेवणाचा आजार? कोल्हापुरात?’

जिथं पाहुण्याला तांबडा-पांढरा वाटीवर वाटी वाढतात, तिथं ‘जेवणाचा आजार’, म्हणजे ईटिंग डिसऑर्डर, खाण्याशी जडलेला मनाचा आजार, म्हटलं की लोक हसतात. ‘मुंबई-पुण्याच्या बारीक पोरींची थेरं ती,’ असं रंकाळ्यावर फिरताना कैकदा ऐकलंय. साफ चूक.

हा आजार अंगकाठीवरून ओळखत नाहीत. बुलिमिया या त्याच्या एका प्रकारात माणूस भरमसाट खातो, मग मुद्दाम उलटी काढतो. वजन मात्र बऱ्याचदा नेहमीसारखंच दिसतं. वारंवार उलट्या झाल्या की रक्तातलं पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मुलग्यांनाही होतो. वजनगट गाठायला पाणी तोडणारे खेळाडू तर जास्त जोखमीत, म्हणजे तालमींच्या या गावानं हसायचं कारणच नाही.

‘हट्ट आहे, मनावर घेतलं की जेवेल’ हेही तसलंच. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ३६ निरोगी तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते उदास, चिडके झाले. डोक्यात सतत अन्नच. उपासमार मनही पोखरते. म्हणून समुपदेशनाइतकंच पोषण महत्त्वाचं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली: फार उपाशी शरीराला एकदम भरपेट देणं धोक्याचं.

किशोरवयीन मुलांसाठी कुटुंबाधारित थेरपी असते. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधून ती पुढं आली. त्यात आईबापांना दोष देत नाहीत; उलट सुरुवातीला ताटाची जबाबदारी त्यांच्याकडेच, आणि मूल सावरेल तशी ती त्याच्याकडे परत. मोठ्यांसाठी बहुधा सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी: ठरल्या वेळी जेवण, खाल्लेल्याची नोंद, वजनाच्या भीतीला हळूहळू तोंड देणं.

कुणाशी बोलायचं कळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.