उदरपोकळीतील कँडिडा संसर्ग

कँडिडा या यीस्टने, म्हणजे किण्वाने, पोटाच्या पोकळीत शिरून तिथे घडवलेला गंभीर आजार. त्यात पर्युदराचा, म्हणजे पोटाच्या पोकळीच्या आतल्या अस्तराचा, दाह, पोटातली गळवे, स्वादुपिंडाच्या मृत भागातला संसर्ग आणि पित्तमार्गाचा संसर्ग यांचा समावेश होतो. अन्नातून किंवा पाण्यातून होणारा हा रोग नव्हे. कँडिडा बहुसंख्य निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात आयुष्यभर निमूटपणे राहते. आतड्याची भिंत शाबूत असते आणि शेजारचे जिवाणू जागा अडवून बसलेले असतात, तोवर तिचा उपद्रव होत नाही.

ही भिंत फुटली की चित्र पालटते. जठराचा किंवा लहान आतड्याचा अल्सर फुटणे, शस्त्रक्रियेनंतर आतड्याचा जोड गळू लागणे, पोट पुन्हा पुन्हा उघडावे लागणे, स्वादुपिंडाचा काही भाग मरून जाणे ही नेहमीची कारणे. त्यात रुग्ण बहुधा आयसीयूत असतो आणि त्याला अनेक दिवस प्रतिजैविके चालू असतात. ही औषधे जिवाणू मारतात. किण्वाला मात्र त्यांनी काही होत नाही, उलट मोकळे रान मिळते. कँडिडा अल्बिकन्स गोल पेशीचे रूप टाकून लांब तंतू काढते आणि ऊतींत घुसते. हे तंतू कँडिडालायसिन नावाचे विष स्रवून पेशींना भोके पाडतात, हे 2016 मध्ये उघड झाले.

लक्षणांवरून हा रोग ओळखता येत नाही. ताप, पोटदुखी, पोट फुगणे, रक्तदाब घसरणे हे सारे जिवाणूंच्या संसर्गातही दिसते. प्रतिजैविके देऊनही रुग्ण सुधारत नाही, तेव्हा शंका यायला हवी. रक्ताच्या कल्चरवर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीवर, विसंबून राहणे धोक्याचे, कारण पोटात किण्व माजलेले असतानाही बहुतेक रुग्णांचे रक्त निर्जंतुक निघते. खरा पुरावा शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा सुई घालून काढलेल्या पुवात मिळतो. पू वाहून जावा म्हणून पोटात ठेवलेल्या आणि अनेक दिवस जागेवर असलेल्या ड्रेनच्या नळीतला नमुना मात्र फसवा असतो, कारण नळीवर कँडिडा सहज वस्ती करते. अहवालात ‘यीस्ट सेल्स’ दिसले म्हणून लगेच औषध, किंवा ते नेहमीचेच म्हणून दुर्लक्ष, ही दोन्ही टोके घातकच. एरवी धडधाकट माणसाचा अल्सर पहिल्यांदाच फुटला आणि वेळेत शिवला गेला, तर पुवात किण्व सापडूनही बहुधा बुरशीविरोधी औषध लागत नाही. जोड सुटून अत्यवस्थ झालेल्या रुग्णात तोच अहवाल तातडीचा ठरतो.

कोणती प्रजाती आहे यावर औषध ठरते. भारतातल्या आयसीयूंमध्ये कँडिडा ट्रॉपिकॅलिसचे प्रमाण मोठे आहे. कँडिडा क्रुझाय फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला जन्मतःच दाद देत नाही. जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात सापडलेली आणि 2009 मध्ये नोंदवलेली कँडिडा ऑरिस अनेक औषधांना पुरून उरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या यादीत ऑरिस आणि अल्बिकन्स या दोघींनाही सर्वाधिक चिंतेच्या गटात ठेवले.

उपचारांत औषधाइतकीच शस्त्रक्रिया महत्त्वाची असते. भोक बुजवल्याशिवाय, पू काढल्याशिवाय कोणतेही औषध पुरे पडत नाही. गंभीर रुग्णाला कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन किंवा अ‍ॅनिड्युलाफंजिन शिरेतून देतात. ही औषधे किण्वाच्या पेशीभित्तिकेतील ग्लुकान हा घटक तयार होऊ देत नाहीत; माणसाच्या पेशीला अशी भित्तिकाच नसल्याने त्यांचा त्रास कमी होतो. प्रजाती संवेदनशील निघाली आणि प्रकृती सावरली की फ्लुकोनॅझोलवर येता येते. अँफोटेरिसिन बी प्रभावी, पण मूत्रपिंडांना जाचक. तिचे लायपोसोमल, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेले, रूप त्या मानाने सौम्य. अँफोटेरिसिनच्याच पॉलिइन या औषधकुळातले हमायसिन 1960 च्या दशकात पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये सापडले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले त्याच्या ‘स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना’ या नावात पिंपरी कायमची नोंदली गेली. ते मुख्यतः वरून लावण्याचे औषध असल्याने पोटातल्या संसर्गात कामी येत नाही, तरी या परिसराचे ते योगदान विसरू नये.

पोटात बसवलेल्या नळीतून द्रव आत-बाहेर करून डायलिसिस घेणाऱ्यांत हा द्रव गढूळ येऊन किण्व आढळले, तर नळी लगेच काढावी लागते. ती वाचवण्याच्या नादात पर्युदर आणि कधी जीवही गमवावा लागतो. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी पुन्हा वाढू लागताना यकृत-प्लीहेत दिसणाऱ्या कँडिडाच्या गाठींवरचे उपचार, त्या स्कॅनवर विरेपर्यंत किंवा कॅल्शियम साचून निवेपर्यंत, कित्येक महिने चालू ठेवावे लागतात.